सुईची सहा घरं

माझ्या आत्यासमोर घाबरायचीसुद्धा सोय नव्हती. लहानपणी पोट दुखतंय म्हणून मी रडायला लागले की ती आधी विचारायची, किती दुखतंय? खूप, असं म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. खूप हे काही माप नाही, म्हणायची. परवा दुखलं होतं त्याच्यापेक्षा जास्त की कमी, ते नीट आठवून सांग, मग औषधाचं बघू. आठवता आठवता पोट थांबायचं, नाहीतर मीच नाद सोडून द्यायचे.

तिची सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी खात्यात झाली. कारखान्यात बसगाड्यांच्या ब्रेकचे भाग तयार होत, आणि तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे आत्या ठरवायची. तिथली पद्धत मला पाठ आहे, कारण जेवताना दुसरा विषय नसायचा. यंत्रावरून उतरलेला भाग गरम असतो, तो लगेच मोजायचा नाही. बंद खोलीत, ग्रॅनाइटच्या टेबलावर त्याला निवांत पडू द्यायचं. त्या खोलीचं तापमान बारा महिने एकच. हातमोजे घालून पुसायचं, त्याच्यावर श्वास सोडायचा नाही, दार आपटायचं नाही. वस्तू शांत झाली की मगच खरं सांगते, असं आत्याचं ठाम मत होतं. कारखान्यात तिला मायक्रॉनबाई म्हणत. मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन, आणि आत्या त्या एकासाठीही साहेबाशी भांडायची.

तिने लग्न केलं नाही. स्थळं पुष्कळ आली, पण एकही तिच्या मापात बसलं नाही, असं माझे बाबा म्हणत. बाबा तिचा धाकटा भाऊ, बस ड्रायव्हर. ताईने मोजलंय म्हटल्यावर डोळे मिटून ब्रेक दाबायचा, हे त्यांचं वाक्य साऱ्या डेपोला माहीत होतं. माझी आई गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली, आणि घरातली सगळी दारं हळू लागायला लागली.

बाबा निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय गेल्यातच जमा झाला. बोलणं सुधारलं, नजर पहिल्यासारखीच राहिली, पण तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं संपलं. त्यांच्यापुरतं जग उरलं ते आमच्या गॅलरीएवढं. गॅलरीसमोरच डेपोचं फाटक होतं. सकाळी चहा झाला की बाबांची खुर्ची बाहेर जायची ती दिवेलागणीला आत यायची. फाटकातून वळणारा प्रत्येक ड्रायव्हर वर बघून हॉर्न द्यायचा आणि बाबा हात वर करायचे. रविवारी त्यांचे जुने सोबती यायचे. सगळेच अंगापिंडाने भक्कम, आणि सगळ्यांना गॅलरीतच उभं राहायचं असायचं, कारण आत बसलं तर गाड्या कशा दिसणार?

चीर मला दिसली, लादी पुसताना. गॅलरीची फरशी घराच्या भिंतीला मिळते तिथे, उंबरठ्याला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक रेघ. मी फडक्याने पुसली तरी गेली नाही. मी आत्याला बोलावून दाखवलं आणि म्हटलं, मला भीती वाटते.

"किती?" आत्या म्हणाली.

मला त्या क्षणी ती बादली तिच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. पण तिने चेष्टा केली नव्हती. ती कपाटाकडे गेली आणि कारखान्याने निरोपाला दिलेली लाकडी पेटी घेऊन आली. आत हिरव्या मखमलीत एक डायल होतं, घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर घरं आखलेली आणि एक सुई. आत्याने चिरेच्या अलीकडे त्याचा स्टँड पक्का बसवला, पलीकडे पोलादाची पट्टी चिकटवली, आणि सुई शून्यावर आणली. चीर केसाच्या जाडीच्या निम्म्यानेही वाढली तरी सुई घरं ओलांडून पुढे जाईल, असं तिने मला समजावलं. भीतीची आता गरज नाही, हे काम सुई करेल.

तेव्हापासून रोज पहाटे आमच्या घरात मोजमाप चालायचं. डेपोतली पहिली गाडी सुटायच्या आत, पाण्याचा पंप लागायच्या आत. गॅलरीत चिटपाखरू नसलं पाहिजे, घरात कोणी चालायचं नाही. बाबा खुर्चीत बसून दाराच्या आतल्या बाजूला ताटकळत असायचे. आत्या उंबरठ्यावर ओणवी होऊन, श्वास रोखून सुई वाचायची. मग स्टँड तिथेच, पण डायल काढून पुन्हा मखमलीत, कारण माणसांच्या वर्दळीत एवढं नाजूक उपकरण ठेवायचं नसतं. चहाच्या वेळी ती जाहीर करायची, जैसे थे. बाबा म्हणायचे, चला, रस्ता मोकळा. आणि खुर्ची बाहेर जायची.

मला मात्र चैन नसायचं. भर उन्हात कपडे वाळत घालताना माझे पाय आपोआप भिंतीकडे सरकायचे. एखादी गाडी फाटकात जोरात ब्रेक दाबायची आणि मी ओला कपडा हातात घेऊन आत पळायचे. गॅलरीच्या बरोबर खाली फुटपाथवर बसची वाट बघणारे लोक उभे असायचे, त्यांची डोकी वरून दिसायची, आणि ती बघवायची नाहीत. मी आत्याला सांगितलं की ती म्हणायची, सुई शून्यावर आहे, तू कशावर आहेस?

शेवटी मीच इमारतीच्या कमिटीच्या मागे लागून एका इंजिनीअरला बोलावून घेतलं. तरुण होता, सरळ होता. त्याने स्प्रिंगच्या हातोड्याने ठिकठिकाणी ठोकून आकडे घेतले आणि सांगितलं की वरचं काँक्रीट ठीक वाटतंय. आतल्या सळयांचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला की हे यंत्र आतलं सांगत नाही. आतलं बघायचं तर फोडून बघावं लागेल, आणि फोडायचं तर कमिटीचा ठराव लागेल. कमिटीचा ठराव म्हणजे काय असतो ते इमारतीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग तो रविवार आला. बाबांचे सोबती गॅलरीत दाटीवाटीने उभे होते. त्यांच्यात एकाला सगळे भोंगा म्हणत. तो हसला की गल्लीला कळायचं. हसता हसता त्याच्या कोपराने कठड्यावरचा पाण्याचा ग्लास आतल्या बाजूला पाडला. आत्या नेमकी रिकाम्या कपबशा न्यायला दारात आली होती. पाणी फरशीवर सांडलं, आणि ती ते बघत उभी राहिली. भोंगाकाका ओशाळून माफी मागायला लागले. त्यांना वाटलं, बाई रागावल्या. आत्या हसली, म्हणाली की असू दे, आणि मग एकदम म्हणाली की दुसरा चहा आत मांडलाय, सगळे आत या. चहा मांडलेला नव्हता. तिने मला डोळ्यांनीच स्वयंपाकघरात पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुई वाचून झाल्यावर तिने त्याच जागी तेवढंच पाणी ओतलं. पाणी नेहमीसारखं भिंतीकडे आलं, मोरीच्या भोकाकडे. तिने पुसलं आणि परत ओतलं. परत भिंतीकडे. मी दारात उभी राहून बघत होते. तिचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

स्वयंपाकघरात नेऊन तिने मला सांगितलं. काल पाणी कठड्याकडे गेलं होतं. बाहेरच्या बाजूला. माणसं उभी असताना गॅलरी बाहेर झुकली होती, आणि ती आत आल्यावर पुन्हा सरळ झाली होती.

"मी तिला रिकामी असताना मोजत होते," आत्या म्हणाली. "शांत असताना. इतके दिवस. पडेल ती रिकामी असताना पडेल का?"

मी म्हटलं की मग रविवारी माणसं उभी असताना डायल लाव, आकडा मिळेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "कोणाला उभं करू?" तिने विचारलं. पाण्याने भरलेली पिंपं ठेवू, मी म्हटलं. ठेवायला कोण जाणार, आत्याने विचारलं, आणि खाली फुटपाथवर कोण असणार? आणि समजा सुई हललीच, तर किती हलली म्हणजे पडणार, हे कुठल्या तबकडीवर लिहिलंय?

मग ती ओट्याला टेकून बराच वेळ बोलत राहिली. तिच्या खात्याला लागून एक खोली होती, तिथे भागांचे नमुने यंत्रात ताणून तोडायचे. किती जोर दिल्यावर तुटला, तो आकडा यायचा. पण ज्याची ताकद कळली तो भंगारात जायचा. जो गाडीला लागायचा त्याची कधीच कळायची नाही. एकाच घाण्यातले सगळे सारखेच असतील असं धरून चालायचे. तुझे बाबा त्यावर पाय ठेवून उतार उतरायचे, ती म्हणाली, आणि मी ते शांत पडलेले असताना मोजलेले असायचे.

बाबांना सांगायला गेली ती मात्र उलट्या पावली परत आली. आजपासून गॅलरीत बसायचं नाही, असं ती म्हणताच त्यांनी विचारलं की सुई काय म्हणते. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. सुई जैसे थे, ती म्हणाली.

"मग झालं तर," बाबा म्हणाले.

"पण मला भीती वाटते."

"किती?"

बाबा गालातल्या गालात हसत होते. सगळ्या जन्माचं उट्टं त्यांनी त्या एका शब्दात काढलं. आत्या स्वयंपाकघरात येऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मी बाबांवर चिडले, पाण्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले की फरशीवरचं पाणी कुठेही जातं, मी बसमधलं पाणी आयुष्यभर पाहिलंय. मग आवाज खाली आणून म्हणाले, तेवढं एक राहिलंय गं मला, तेही काढून घेताय? 

तो सगळा आठवडा असाच गेला. बाबा गॅलरीत, आणि आम्ही दोघी दारात. मी भाजी निवडायला दारात बसायचे, आत्या पेपर घेऊन दारात उभी राहायची, पेपर कधी कधी उलटाही असायचा. पडायची वेळ आली असती तर आम्ही काय धरणार होतो कोण जाणे. एका सकाळी आत्याने कपड्यांची दोरी बाबांच्या खुर्चीच्या पायाला बांधली आणि दुसरं टोक आतल्या पलंगाला. दुपारी बाबांना ते दिसलं. मी काय म्हैस आहे का, म्हणून त्यांनी जो आरडाओरडा सुरू केला, तो खाली थांब्यापर्यंत ऐकू गेला. दोरी सोडावी लागली.

संध्याकाळी आत्या खाली जायची आणि थांब्यावरच्या लोकांना जरा पलीकडे उभं राहा म्हणून विनवायची. कशाला, असं ते विचारायचे. वर गॅलरी आहे, ती म्हणायची. गॅलरी सगळ्यांनाच दिसत होती. कमिटीच्या सेक्रेटरींकडे ती दोनदा गेली. त्यांनी अदबीने विचारलं की तुमच्या डायलवर किती आलंय, तेवढं कागदावर द्या, लगेच तातडीची सभा लावतो. आत्या परत आली आणि पायऱ्या चढताना मध्येच बसली. मी खाली धावले तर म्हणाली, या सगळ्यांना मीच शिकवलं गं. आकड्याशिवाय बोलू नका म्हणून.

शनिवारी भोंगाकाकांचा निरोप आला. डेपोतला एक जण निवृत्त होतोय, उद्या त्यालाही घेऊन येतोय, आणखी पाचसहा जण वाढतील. बाबांची कळी खुलली. गॅलरी झाडून ठेव, मला म्हणाले. मी झाडली नाही. मी देवाला हात जोडणाऱ्यातली नाही, पण त्या संध्याकाळी जोडले, आणि काय मागावं तेच सुचलं नाही. गॅलरी पडू नये म्हणावं, तर ती पडणार नाही असं मानून बाबा कायमचे तिच्यावर बसणार.

रविवारी पहाटे आत्याने नेहमीसारखं डायल लावलं. बाबा दाराआड खुर्चीत. दाराचा काचेचा पल्ला अर्धा उघडा होता. मी चहाचं आधण ठेवून मागे उभी होते. आत्या ओणवी झाली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली. मग ती उठली. तिने डायल पेटीत ठेवलं नाही, हातातच घट्ट धरलं, तबकडी स्वतःकडे करून.

"सहा घरं," ती म्हणाली. "सुई सहा घरं सरकलीय."

बाबा तिच्याकडे बघत राहिले.  मला वाटलं आता ते म्हणतील, दाखव.  पण त्यांनी काठी मागितली, उठले, आणि मला म्हणाले की खुर्ची आतल्या खिडकीशी लाव, आणि त्या लोकांना सांग, आज आत बसायचंय.

त्याच दिवशी आत्याने गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. सेक्रेटरींना तिने कागदावर सहा घरं लिहून दिली, खाली सही केली. सही करण्याआधी तिने दोनदा पेन खाली ठेवला. सभा लागली, खालच्या फुटपाथवर दोर बांधले गेले. थांबा थोडा पलीकडे हलला. सगळं एका आकड्याने झालं, आणि त्याचा मला राग आला, पण सुटल्यासारखंही वाटलं.

सुटका अर्धीच होती. आतल्या खिडकीतून बाबांना फाटक दिसायचं नाही, नुसत्या गाड्यांच्या पाठी दिसायच्या. ड्रायव्हर हॉर्न द्यायचे, बाबा हात वर करायचे, तो कोणाला दिसायचा नाही. ते बोलायचे कमी. आत्या त्यांच्यासमोरून जाताना मान खाली घालायची. जेवताना घास घोळवत बसायची. मला वाटायचं, भावाचं ऊन आपण काढून घेतलं म्हणून तिला टोचतंय. दुसरं काही असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काही महिन्यांनी ठराव होऊन गॅलरी पाडायला माणसं आली. आत्या दिवसभर दारात बसून होती. हातोडे चालले, तुकडे पडले, आणि पाडूनही पडत नाहीत अशा भागांनी मजुरांचा घाम काढला. मधल्या सळया बऱ्याच धड निघाल्या, बाजूच्या गंजून गेलेल्या. आत्याने मुकादमाला विचारलं की नसती पाडली तर किती टिकली असती. त्याने कपाळ पुसलं. दहा वर्षंही टिकली असती, म्हणाला, नाहीतर पुढच्या पाहुण्यांना घेऊन गेली असती. कसं सांगणार?

त्याने तिला सळईचा एक तुकडा दिला. आत्या तो धुऊन, पुसून जेवणाच्या टेबलावर घेऊन बसली. बाबा समोर होते. तिने कपाटातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला, तुकडा त्याच्या जबड्यात धरला आणि वाचलं. मूळची सळई बारा मिलिमीटरची. मायक्रोमीटर चौदा दाखवत होता.

"जास्त?" मी विचारलं. "झिजायला हवी ना?"

गंज फुगतो, आत्या म्हणाली. तिने अंगठ्याने सळई चोळली. तपकिरी पापुद्रे टेबलावर पडत गेले, एकावर एक, आणि आत उरलं ते पेन्सिलीहून बारीक होतं. चौदाचा आकडा अजून मायक्रोमीटरवर तसाच होता. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग ती बाबांना म्हणाली, अगदी हळू, की तुला एक सांगायचंय.

"सुई हललीच नव्हती," ती म्हणाली. "सहा घरं मी मनाने सांगितली."

 जी बाई माझ्या पोटदुखीतही अंदाजाने बोलू द्यायची नाही, तिने सहीनिशी खोटं लिहून दिलं होतं, आणि इतके महिने एकटी ते गिळत होती. मी बाबांकडे पाहिलं. ते शांत होते. त्यांनी टेबलावरचे पापुद्रे तळहाताने एका जागी गोळा केले.

"माहितीये," ते म्हणाले. "तू वाकलीस तेव्हा दाराच्या काचेत दिसत होती मला. शून्यावर होती. मागचं आरशात बघण्यातच जन्म गेलाय माझा."

"मग आत कसा आलास?"

"तू खोटा आकडा सांगितलास, ताई. तू. म्हटलं, आता उठलेलं बरं."

 खाली फाटकातून एक गाडी वळली, हॉर्न वाजला, बाबांनी सवयीने हात वर केला आणि खाली घेतला. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं, आणि या वेळी ते हसत नव्हते.

"किती घाबरली होतीस गं?"

"खूप," आत्या म्हणाली.